सहाशे चाळीस मीटर

नियम बदलला की आधी माझं डोकं दुखतं आणि मग मुबारकचे पाय. सव्वीस वर्षं आमच्या धंद्याची वाटणी अशीच चालत आली आहे. कागद माझे, चढण त्याची. केबल टीव्हीच्या काळात तो खांबावर चढायचा आणि मी खाली उभा राहून घराघरात 'दिसतंय का?' असं विचारायचो. पुढे केबल मेली, तिच्या जागी बिनतारी इंटरनेट आलं. खांबांच्या जागी डोंगर आले आणि दोरखंड लांब झाले. वाटणी मात्र तीच राहिली.

या धंद्यात मी सात नियम पाहिले. प्रत्येक नियम आला तेव्हा आता सगळं सोपं होणार असं पत्रात लिहिलेलं होतं. सातवं पत्र आलं तेव्हा मी ते न उघडता दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला एवढी सवलत असावी.

पण हा सातवा नियम समजायचा तर सहावा सांगायला हवा. पूर्वी लहरींचा एक पट्टा मोकळा असे. लहरींचा पट्टा म्हणजे हवेतला रस्ता, आणि ह्या एका रस्त्यावरून ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. आमच्यासारख्या तालुक्यातल्या लहान पुरवठादारांचं सगळं दुकान त्या एका रस्त्यावर होतं. दोन हजार चौतीस साली सरकारनं कायमचे परवाने आणि मोकळे रस्ते दोन्ही बंद केले, आणि फिरता परवाना आणला. आता कुठल्याही रेडिओनं बोलण्याआधी विचारायचं: मी अमुक ठिकाणी, इतक्या उंचीवर, अमुक दिशेला तोंड करून उभा आहे, बोलू का? तेही दर पाच मिनिटांनी. दूर कुठंतरी एक संगणक बसलेला असतो. देशातल्या डोंगरदऱ्यांचा नकाशा त्याच्यापाशी असतो. कुणाचा आवाज कुठवर जाईल, मध्ये कुठला डोंगर आडवा येईल, ह्याचं गणित करून तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. त्याचं सरकारी नाव सात शब्दांचं आहे. आम्ही त्याला मुकादम म्हणतो, कारण सकाळी नाक्यावर उभा राहून 'तू चल, तू थांब' म्हणणारा माणूस आम्ही दोघांनी लहानपणापासून पाहिलेला आहे.

मुकादमाकडे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर लष्कर आणि हवामानाची रडारं. दुसरीवर लिलावात पट्टा घेतलेल्या मोठ्या कंपन्या. तिसरीवर आम्ही. पाटाच्या पाण्याची पाळी असते तसंच हे. वरच्याचं भिजून झालं की खालच्यानं दारं धरायचं, आणि वरच्यानं पुन्हा पाणी मागितलं की मुकाट्यानं दारं मोडायचं. आम्हांला त्याची सवय होती. शेपटाकडच्या माणसाला पाण्याची नसते एवढी पाळीची सवय असते.

फक्त एक गोम होती. मुकादमाला डोळे नव्हते. तुम्ही सांगाल ते ठिकाण तो खरं धरायचा. म्हणून रेडिओ बसवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असणं सक्तीचं झालं. परीक्षा होती, त्रिकोणमिती होती. मी दुसऱ्या खेपेला पास झालो. मुबारकची शाळा सातवीत सुटलेली, तो बसलाच नाही. तेव्हापासून आमच्या एकेचाळीस ठिकाणच्या तबकड्यांच्या, म्हणजे रेडिओच्या डिशच्या, कागदांवर 'प्रमाणित करणारा' ह्या रकान्यात माझं नाव आहे, रंगराव नलवडे, आणि खाली बारीक अक्षरात 'चढणारा' म्हणून मुबारक दस्तगीर मुलाणी.

सातव्या नियमानं मुकादमाला कान दिले. पहिल्या जुलैपासून प्रत्येक रेडिओनं स्वतःचं बोलून झालं की घटकाभर गप्प बसायचं, आजूबाजूला कोण किती मोठ्यानं बोलतंय ते ऐकायचं आणि मुकादमाला कळवायचं. अशा हजारो चहाड्या एकत्र केल्या की कुठला रेडिओ नक्की कुठे उभा आहे ते चार-पाच मीटरच्या आत कळतं. पत्रात लिहिलं होतं, ज्यांची नोंद पन्नास मीटरपेक्षा जास्त चुकलेली असेल त्यांनी पंधरा दिवसांत जागेवर जाऊन दुरुस्त करावी. खाली यादी होती.

यादीत एकच नाव होतं. शिद्धोबाचा कडा. फरक सहाशे चाळीस मीटर, उंचीत दोनशे दहा.

मुबारक ऑफिसात आला तेव्हा मी यादी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट ठेवून वाचलं आणि खुर्चीत बसला.

"ह्ये तर हौसाबाईचं हाटील झालं," तो म्हणाला.

"व्हय."

"म्हंजी चार वर्सं ती तबकडी कागदावर भजी तळतीया."

मला हसू आलं नाही, त्यालाही आलं नाही. झालं होतं ते असं. पाथरशेतची जोडणी करताना तबकडी कड्यावर बसवायची होती. तासाभराची उभी चढण. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. मुबारक दोन माणसं घेऊन वर गेला, मी खाली घाटाच्या वळणावर हौसाबाईच्या हॉटेलात बसलो. दुपारी त्यानं वरून हाळी दिली, "बसली!" मी हातातलं भजं खाली ठेवलं, फोनवरचं 'हे ठिकाण' असं बटण दाबलं, उंची अंदाजानं टाकली आणि सही केली. फोन बिचारा मी जिथं होतो तेच ठिकाण लिहिणार. महागाच्या रेडिओत स्वतःचं ठिकाण ओळखायचं यंत्र असतं, आमच्यात ते नव्हतं. बाकीच्या चाळीस ठिकाणीही मी असाच पायथ्याशी बसून सही केली होती. ते डोंगर बुटके आणि पायवाटा जवळच्या, म्हणून फरक पन्नासाच्या आत निभावून गेला. हे माझ्या शहाणपणाचं नव्हे, डोंगरांच्या उंचीचं श्रेय आहे.

"दुरुस्त करून टाका की मग," मुबारक म्हणाला.

मी पत्राचं दुसरं पान काढलं. त्यावर हवामान रडारचं चित्र होतं. रडार तालुक्याच्या पलीकडं चाळीस किलोमीटरवर पठारावर आहे. ते गोल फिरतं, चहूकडे लहरी फेकतं, आणि पावसाच्या थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरींवरून कुठं किती पाऊस आहे ते सांगतं. चित्र गोल होतं. त्यात केंद्रापासून काठापर्यंत एक निमुळती फट पांढरी होती.

"कुणी भाकरीचा तुकडा मोडून घेतलाय जनू," मुबारक म्हणाला.

कड्यावर दोन तबकड्या आहेत. एक पाथरशेतकडे बघते, दुसरी तालुक्याकडे. तालुक्याकडे बघणारीच्या नेमकं समोर, तालुक्याच्या मागं, ते रडार येतं. कागदावर ती हौसाबाईच्या हॉटेलात, डोंगराच्या आडोशाला होती, म्हणून मुकादमानं तिला रडारच्या शेजारचा पट्टा बारा महिने देऊन टाकला. प्रत्यक्षात ती कड्याच्या टोकावर उभी राहून रात्रंदिवस रडारच्या डोळ्यात बॅटरी मारत होती. आणि रडारनं काय केलं? त्याच्या यंत्रणेनं त्या दिशेला कसलातरी बिघाड आहे असं ठरवून ती फट आपणहून पुसून टाकली. मी रडारच्या कचेरीत फोन केला. एक थकलेल्या आवाजाची मुलगी म्हणाली, "चौतीसपासून त्या दिशेला मास्क आहे सर, ती दिशा झाकलेलीच आहे. मी दोन वर्षांपूर्वी आले. मला वाटलं तो असतोच."

मुबारक अजून चित्राकडेच बघत होता. मग त्यानं हळूच त्या पांढऱ्या फटीत, कड्याच्या पलीकडे बोट ठेवलं.

"आप्पा, हितं पाथरशेत येतंया."

मला ते सकाळीच दिसलं होतं. तो म्हणेपर्यंत ते खरं नसल्यासारखं मी वागत होतो. पाथरशेत म्हणजे दरीच्या पोटातला धनगरवाडा, चाळीस उंबरा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. पाऊस किती येणार, ओढा कधी फुगणार, दरड कधी हलणार, ह्याचा इशारा आजूबाजूच्या सगळ्या गावांना दोन तास आधी मिळतो. पाथरशेतला चार वर्षांत एकदाही मिळाला नव्हता. त्यांना नेट देणारी तबकडीच त्यांच्यावरचा पाऊस झाकत होती. गेल्या आषाढात ओढा एकदम चढला आणि झोऱ्यांची नऊ शेरडं वाहून गेली. त्यांना सोडवायला गेलेल्या म्हाताऱ्या बिरू झोऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो होतो आणि त्यांच्या दारात बसून हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडली होती.

तिसऱ्या पानावर चुकीचं कारण विचारलं होतं. दोन चौकोन. (अ) प्रमाणपत्रधारक जागेवर नव्हता. (आ) चढणाऱ्यानं चुकीची मोजणी दिली. 'अ' असेल तर माझं प्रमाणपत्र वर्षभर स्थगित, आणि एकेचाळीस जोडण्या महिन्याभरात दुसऱ्या कुणाच्या नावावर. 'आ' असेल तर चढणाऱ्याचं कार्ड रद्द, बाकी सगळं जागच्या जागी.

"आ वर मारा फुली," मुबारक म्हणाला. "तुमचं प्रमानपत्र गेलं तर सगळा धंदा दुसऱ्याच्या घरात. माझं कार्ड गेलं तर एक मानूस घरी बसंल. तसंबी आता दम लागतुया."

"तू कुठं चुकलास?"

"मी कुठं म्हनतुया चुकलो? फुली मारा म्हनतुया."

खोटं कशाला सांगू, पुढचे दोन दिवस माझं मन 'आ' वरच होतं. मी स्वतःला समजावत होतो की तो आपणहून म्हणाला. माणूस आपणहून म्हणाला की आपल्याला किती बरं वाटतं, ह्याची मला लाज वाटली, पण बरं वाटलंच.

पाथरशेतला सांगायला मी एकटाच गेलो. खालच्या रस्त्यानं जीप जाते. वाडीच्या समाजमंदिरात अकरा खुर्च्या, अकरा पडदे आणि प्रत्येक खुर्चीच्या हातावर दोन दांडे. वाडीतल्या अकरा बायका इथं बसून भिवंडीच्या एका गोदामातल्या माल उचलणाऱ्या गाड्या चालवतात. दांडा हलवला की दोनशे किलोमीटरवर गाडीचे काटे वर जातात. मध्ये पापणी लवण्याइतकाही उशीर चालत नाही, म्हणून उपग्रहाचं नेट इथं उपयोगी नाही. तारेची केबल टाकायला वनखात्याची परवानगी नऊ वर्षं येतेच आहे. हे काम वाडीत आणलं ते वैजयंता झोरे ह्यांनी. बिरू झोऱ्यांची सून, चाळिशीची बाई, बारावी शिकलेली, आवाज कधी न चढवणारी. माणसं त्यांना दबून असतात.

"वैजयंताबाई, एक सांगायचं हाय," मी म्हणालो.

"थांबा, गाडी हुबी करते."

त्यांनी भिवंडीतली गाडी रांगेत नीट लावली, काटे खाली टेकवले, कानावरचं यंत्र काढलं आणि मला बाहेर ओट्यावर घेऊन आल्या. मी सांगितलं. हौसाबाईचं हॉटेल, भजी, बटण, रडार, पांढरी फट. मी थांबल्यावर म्हणाल्या, "गेल्या आषाढात बी?"

"गेल्या आषाढात बी."

"त्या दिशी तुमी आमच्या दारात बसून च्या पिला. हवामानवाल्यास्नी शिव्या घातल्या."

"व्हय."

शेजारच्या घरातून बिरू झोऱ्यांची काठी वाजली. वैजयंताबाईंनी तिकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, चांगलं चारचौघांत बोलतील. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

"आता फुडं काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की खरं ठिकाण टाकलं की मुकादम पावसाचे चार महिने, रडारला ती दिशा लागते तोवर, तबकडीला परवानगी देणार नाही. दुसरे पट्टे मोठ्या कंपन्यांनी घेतलेत. ऑक्टोबरात पुन्हा सुरू होईल. तोवर तालुक्यात माझ्या ऑफिसाच्या माडीवर खुर्च्या मांडता येतील, तिथं राहून काम करता येईल.

"दुभती जनावरं, पोरं? अकरातल्या चौघी येतील. सात जनींचं काम गेलं म्हना." त्यांनी कड्याकडं पाहिलं. "आनि बंद केल्यावर रडारला दिसंल?"

"दिसंल."

"मग दिसलेलं आमास्नी सांगनार कोन? तुमचं नेट बंद. फोनला रेंज येती ती फकस्त कड्यावर."

मी चाळीस किलोमीटरवरच्या रडारचा विचार केला होता, मुकादमाचा केला होता, माझ्या प्रमाणपत्राचा तर फारच केला होता. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तबकडी सुरू तर रडार आंधळं. तबकडी बंद तर वाडी बहिरी. इशारा देणाऱ्या सरकारी भोंग्यासाठी अर्ज करता येईल, पण भोंगाही लहरींवरच वाजतो, म्हणजे तोही मुकादमाच्या दारात उभा राहणार. मी एवढंच म्हणालो, "बघतो."

"बघू नका, चढा," त्या म्हणाल्या. "उद्या मी बी येते. आमचा पाऊस कुनी झाकला ते मला बघायचंय."

नियमात तेच होतं. दुरुस्ती करताना प्रमाणपत्रधारकानं स्वतः तबकडीजवळ उभं राहायचं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कागदानं मला डोंगर चढायला लावला.

सकाळी आठला हौसाबाईच्या हॉटेलापासून निघालो. पुढं मुबारक, मध्ये मी, मागं वैजयंताबाई. कारवीतून वाट होती, खाली शेवाळलेले दगड. पाऊस तीन दिवस थांबला होता, पण धुकं सुटत नव्हतं. दर वीस पावलांनी मी थांबायचो. मुबारकही थांबायचा. कुठं पाय ठेवायचा ते काठीनं दाखवायचा. एके ठिकाणी कातळात पायठाण खणलेलं होतं, दुसरीकडे मुळीला दोरी बांधलेली.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच की. वर्साला धा-बारा येळा यावं लागतं. वीज पडती, वानरं तार तोडत्यात."

हे मला ठाऊक होतं. म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी मीच तर ठेवत होतो. 'शिद्धोबा, तार बदलली.' तीन शब्द लिहायला मला खाली बसून किती वेळ लागणार?

तासाच्या जागी अडीच तास लागले. वर तबकड्या होत्या, शेजारी मुबारकनं दगड रचून केलेला पाठीएवढा आडोसा. मी तालुक्याकडच्या तबकडीच्या मागं टेकलो, आणि तिच्या पत्र्यावर मला अक्षरं दिसली. खिळ्यानं ओरखडलेल्या तारखा. एकाखाली एक, नीट रांगेत, चार वर्षांच्या. पन्नासच्या आसपास असतील. प्रत्येकीपुढं 'मु. द. मु.' आणि काय केलं ते एका शब्दात. सगळ्यांत वर पहिल्या दिवसाची तारीख, आणि पुढं लिहिलं होतं: 'उंची ११४०. आप्पांना सांगणे.'

"तू मोजली होतीस," मी म्हणालो.

"तुमी इचारलं न्हाई. फॉर्म भरून झालेला."

मला तिथं रडू आलं. वयाला शोभत नव्हतं, पण आलं. मुबारक दुसरीकडं बघत राहिला. माणसानं सगळं नीट केलेलं, लिहून ठेवलेलं, आणि मी त्याच्या नावापुढं 'चुकीची मोजणी' म्हणून फुली मारायला निघालो होतो.

मी फोन काढला. कारणाच्या चौकोनात 'अ' वर फुली मारली.

"आप्पा, इचार करा," मुबारक म्हणाला.

"चार वर्षं केला न्हाई, आता काय करायचा?"

त्या फुलीचं पुढं जे व्हायचं ते झालं. माझं प्रमाणपत्र वर्षभर गेलं, आमच्या जोडण्या कऱ्हाडच्या एका कंपनीच्या नावावर झाल्या आणि मी सध्या त्यांच्यासाठी फोन उचलतो. 'चढणारा' ह्या रकान्यात मुबारकचं नाव मी राहू दिलं. मोजणीच्या रकान्यात अकराशे चाळीस लिहिलं आणि शेजारी त्याचं नाव पूर्ण टाकलं, वडिलांच्या नावासकट. शेवटी 'हे ठिकाण' दाबलं.

अकराला पाच मिनिटं कमी होती. वाडीतल्या बायकांना वैजयंताबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, अकराच्या आत गाड्या उभ्या करा. तबकडीनं नेहमीसारखं विचारलं, बोलू का? फोनवर उत्तर उमटलं: 'परवानगी नाही. पहिल्या पायरीचा वापर.' दिवा हिरव्याचा लाल झाला आणि मग विझला. कसला आवाज झाला नाही. खाली समाजमंदिरात अकरा पडदे काळे झाले असतील.

"झालं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"झालं."

आम्ही दगडावर बसून फोनवर रडारचं चित्र उघडलं. कड्यावर तालुक्याकडून रेंज येत होती. दिशा दोन फेऱ्या स्वच्छ दिसली की मास्क आपणहून उठतो, असं रडारच्या कचेरीतल्या त्या मुलीनं सांगितलं होतं. पहिली फेरी गेली, फट पांढरीच. मुबारकनं डबा काढला. कुणी खाल्लं नाही. दुसऱ्या फेरीला फट भरली. आधी हिरवी, मग पिवळी, आणि पश्चिमेच्या टोकाला, डोंगराच्या पाठीमागं, लाल. तिकडून काहीतरी मोठं येत होतं. आमच्या डोक्यावर तर नुसतं धुकं होतं. मिनिटभरानं फोन थरथरला. इशारा होता, गावांची यादी होती, आणि यादीत चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव होतं. 'पाथरशेत. दोन तासांत अतिवृष्टी. ओढ्याकाठची घरं सोडावीत.'

वैजयंताबाईंनी ते वाचलं. फोन माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि कड्याच्या काठावर जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरले. मग हाळी दिली. लांब, वर चढत जाणारी, मेंढरं वळवताना देतात तशी. ज्या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता तिचा आवाज दरीत उतरला आणि पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून, धुक्यातून, हाळीला हाळी आली.

"ओढ्याकडची घरं!" त्या प्रत्येक शब्द तोडून ओरडल्या. "शाळंत जा! शेरडं सोडा!"

आम्ही पलीकडच्या बाजूनं वाडीत उतरलो. मला मुबारकनं जवळजवळ पाठीवरच आणलं. दीडच्या सुमाराला पाऊस आला आणि साडेचारपर्यंत कोसळला. ओढा चढला, एक कुंपण गेलं, एक कडबाकुट्टी गेली. माणसं, शेरडं, सगळी शाळेत होती. एवढ्यासाठी सात जणींचं काम गेलं काय, असं कुणीतरी पुटपुटलं. मला ते ऐकू आलं. त्यात चूक काहीच नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर वैजयंताबाईंनी शाळेच्या फळ्यावर खडूनं सात वार लिहिले. भोंगा येईपर्यंत रोज एकानं उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कड्यावर फोन घेऊन बसायचं आणि लागेल तेव्हा हाळी द्यायची. अंधार पडला की ओढ्याकडच्यांनी शाळेतच निजायचं. काम गेलेल्या बायकांतल्या चौघींनी चार वार घेतले. एक वार वैजयंताबाईंच्या दिरानं घेतला. शनिवार मुबारकनं मागून घेतला. मग त्या माझ्याकडं वळल्या. मी बाकावर पाय लांब करून बसलो होतो आणि कुणीतरी दिलेलं गरम तेल गुडघ्याला लावत होतो.

"गुरुवार तुमचा, आप्पा."

"बाई, माझे गुडघे बघा..."

"चार वर्सामागं एकदा चढला असता," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तर आता दर गुरुवारी चढाय लागलं नसतं."

त्यांनी फळ्यावर गुरुवारपुढं माझं नाव लिहिलं आणि खडू खाली ठेवला. त्या दिवशी मंगळवार होता.